अंड्यातला डोंगरउतार

कोंबडीचे अंडे उबवायला ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर येते. त्या वेळी त्याच्या छातीच्या स्नायूत जेवढे तंतू असतात, जवळजवळ तेवढ्यावरच त्याला पुढचे सारे आयुष्य काढायचे असते. पुढे तंतू लांब होतात, जाड होतात. त्यांची संख्या मात्र अंड्याच्या अंधारातच ठरून गेलेली असते. गर्भातल्या कोणत्या पेशीने स्नायूच्या वाटेला लागायचे, तिने कुठवर विभागत राहायचे आणि कोणत्या घटकेला विभागणे थांबवून शेजारणीशी एकजीव व्हायचे, हे निर्णय या तीन आठवड्यांत होतात. ते बहुधा चुकत नाहीत. लक्षावधी अंड्यांतून लक्षावधी पिल्ले निघतात आणि प्रत्येकाच्या छातीचा स्नायू छातीवरच असतो, पायाचा पायातच.

आपल्याला यात नवल वाटत नाही. कॉनरॅड हाल वॉडिंग्टन यांना ते आयुष्यभर वाटत राहिले. पेशी एकदा एका वाटेला लागली की ती वाट सोडत का नाही, या एका प्रश्नाभोवती त्यांचे संशोधन फिरत राहिले. त्यांच्या हयातीत उत्तर मिळाले नाही. उत्तराचा आकार कसा असावा याचे एक चित्र तेवढे त्यांनी काढून ठेवले. अलीकडच्या वीस वर्षांत कोंबडीच्या स्नायूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतून जे हाती आले आहे, ते पाहताना या चित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे.

वॉडिंग्टन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील इव्हशॅम येथे झाला, पण त्यांची पहिली काही वर्षे गेली ती भारतात. वडील दक्षिणेत, वायनाडच्या डोंगराळ मुलखात चहाच्या मळ्यावर होते. साहेबी घराण्यांची त्या काळची रीत अशी की, मूल चालू-बोलू लागले की त्याला मायदेशी धाडायचे. १९१० मध्ये चार वर्षांच्या या मुलाची रवानगी इंग्लंडमध्ये काका-मावशी आणि क्वेकर पंथाच्या आजीकडे झाली. आईवडील मात्र १९२८ पर्यंत भारतातच राहिले. म्हणजे मुलगा मोठा होऊन पदवीधर झाला तरी ते समुद्रापलीकडेच होते. या दुराव्याचे त्यांच्या मनावर काय झाले असेल, याचे तर्क करण्यात अर्थ नाही. दिसते ते एवढेच, की त्या मुलाला वडीलधारा माणूस मिळाला तो दूरच्या नात्यातल्या डोएग नावाच्या औषधविक्रेत्याच्या रूपाने. मुलगा त्यांना आजोबाच म्हणे. या आजोबांनी त्याला रसायनांपासून दगडांपर्यंत सगळ्याची गोडी लावली.

दगडांमध्ये त्याला सर्वांत भुरळ घातली ती अमोनाइटच्या अश्मांनी. आपल्याकडे शाळिग्राम म्हणून देवघरात पूजला जातो तो याच प्राण्याचा अश्म. त्याची वळणदार शंखाकृती म्हणजे त्या प्राण्याच्या वाढीची रोजनिशीच असते. आतल्या वेटोळ्यात बालपण, बाहेरच्या वेटोळ्यात प्रौढपण. आकार ही केवळ एक अवस्था नसून तो एका वाटचालीचा माग असतो, हा विचार वॉडिंग्टन यांच्या डोक्यात कोंबडीच्या अंड्याआधी या दगडांमुळे रुजला असावा, असे मला वाटते.

क्लिफ्टन कॉलेजात होमयार्ड नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक त्यांना लाभले. ते शिकवण्यात निष्णात, शिवाय अरबी किमयागारांच्या ग्रंथांचे अभ्यासक. पुढे केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात वॉडिंग्टन यांनी १९२६ मध्ये भूगर्भशास्त्रात प्रथम वर्ग मिळवला. मित्रमंडळी त्यांना वॉड म्हणत. तत्त्वज्ञान, चित्रकला, कविता आणि मॉरिस नावाचे इंग्रजी लोकनृत्य या सगळ्यांत ते सारख्याच उत्साहाने वावरत. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून पुढे नाव कमावलेले ग्रेगरी बेटसन हे त्यांचे या काळातले स्नेही. एवढ्या आवडीनिवडींचा माणूस एका विषयात टिकेल की नाही, अशी शंका कुणालाही आली असती.

तो टिकला, आणि ज्या विषयात टिकला त्याची त्याने रीतसर पदवी घेतलेली नव्हती. केंब्रिजमध्येच स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल या बाई शरीराबाहेर ऊती जिवंत ठेवण्याचे तंत्र विकसित करीत होत्या. काचेच्या लहान बशीत कोंबडीच्या रक्तद्रवाची गोठलेली साय करायची, तिच्यात गर्भाचा थोडा अर्क मिसळायचा आणि त्यावर ऊतीचा तुकडा ठेवायचा, अशी ही पद्धत. वॉडिंग्टन यांनी या बशीत सबंध कोवळा गर्भच वाढवायला घेतला. हे काम सांगायला सोपे, करायला जिकिरीचे. पहिल्या दिवसाचा गर्भ म्हणजे बलकावर पसरलेली एक पांढुरकी चकती असते. तिच्या मध्यावर एक बारीक रेघ उमटते. तिला प्राथमिक रेषा म्हणतात. हिच्या पुढच्या टोकापाशी पुढे मेंदू, मज्जारज्जू आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे मूळ तयार होते.

जर्मनीत हान्स स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी १९२४ मध्ये दाखवले होते की, पाणसरड्यासारख्या उभयचराच्या गर्भातला एक विशिष्ट तुकडा दुसऱ्या गर्भात लावला तर तेथे दुसरे शरीर आकार घेऊ लागते. या तुकड्याला त्यांनी संघटक म्हटले. पक्ष्यांच्या गर्भात असे काही आहे काय? वॉडिंग्टन यांनी कोंबडीच्या आणि बदकाच्या गर्भांची प्राथमिक रेषा कापून दुसऱ्या गर्भाखाली ठेवली. तेथे दुसरा मज्जारज्जू उभा राहू लागला. बदकाचा तुकडा कोंबडीच्या गर्भातही तेच काम करीत होता. १९३० ते १९३३ या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी पक्ष्यांच्या गर्भातही संघटक असतो हे सिद्ध झाले. त्या वेळी त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

मग आली ती मोठी मोहीम, आणि मोठे अपयश. संघटकाचा तुकडा मारून टाकला तरी तो परिणाम करतो, असे जर्मन संशोधकांना आढळले होते. मेलेला तुकडाही काम करतो म्हणजे त्यात एखादे रसायन असले पाहिजे. ते शोधायचे, बाटलीत भरायचे, की गर्भविकासाची गुरुकिल्ली हाती आली! वॉडिंग्टन आणि जोसेफ व डोरोथी नीडहॅम हे दांपत्य या शोधाला लागले. जोसेफ नीडहॅम यांना आपण चिनी विज्ञानाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. डोरोथी तर स्नायूंच्या जीवरसायनशास्त्रातल्या अधिकारी. या अज्ञात रसायनाला त्यांनी इव्होकेटर, म्हणजे साद घालणारा, असे नाव दिले.

साद घालणारे सापडले. पण एक नव्हे, डझनावारी. या अर्कानेही काम होई, त्या अर्कानेही. १९३६ पर्यंत तर मिथिलीन ब्लू हा साधा रंगही गर्भाच्या ऊतीत मज्जारज्जूची सुरुवात करून देऊ शकतो, असे दिसले. गर्भाशी ज्याचा काहीही संबंध नाही असा रंग जर तेच काम करीत असेल, तर गुरुकिल्ली त्या रंगात असणे शक्य नव्हते. खरे इव्होकेटर रेणू, नॉगिन आणि कॉर्डिन, हाती यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. तीसच्या दशकातल्या साधनांनी ते सापडणे अशक्यच होते. संघटकाच्या रसायनाचा हा विषय पुढे अनेक वर्षे थंड पडला. रासायनिक गर्भशास्त्राची स्वतंत्र संस्था काढायचे केंब्रिजच्या मंडळींचे स्वप्नही अर्थसाहाय्याअभावी विरले.

वॉडिंग्टन यांचे वेगळेपण येथे दिसते. अनेकांनी या गोंधळाचा अर्थ विषय निकालात निघाला असा घेतला. त्यांनी तो उलट बाजूने वाचला. कुठल्याही धक्क्याने गर्भाची ऊती जर त्याच एका वाटेला लागत असेल, तर वाट धक्क्यात नाही. ती ऊतीत आधीच आखलेली आहे. बाहेरचा संकेत दार लोटतो, घर आतच असते. ते कसे बांधलेले आहे हे विचारायचे तर जनुकांकडे गेले पाहिजे. गर्भशास्त्रज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ तेव्हा एकमेकांशी फारसे बोलत नसत. १९३८-३९ मध्ये वॉडिंग्टन अमेरिकेत गेले, फळमाशीवरचे जनुकशास्त्र त्यांनी मुळापासून शिकून घेतले आणि १९४० मध्ये संघटक व जनुके यांचा एकत्र विचार करणारे ‘ऑर्गनायझर्स अँड जीन्स’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभी जॉन पायपर या चित्रकाराने काढलेले डोंगरातून वाहणाऱ्या नदीचे चित्र होते. पुढच्या प्रसिद्ध चित्राचे हे बीज.

१९४२ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने विलक्षण ठरले. जग युद्धात होरपळत असताना त्यांनी दोन छोटे लेख लिहिले. एकात त्यांनी एपिजेनेटिक्स हा शब्द घडवला. अंड्यात पिल्लू सूक्ष्म रूपात आधीच बसलेले नसते, ते टप्प्याटप्प्याने घडत जाते, या अॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या मताला एपिजेनेसिस म्हणतात. अॅरिस्टॉटलनेही ते ताडले होते कोंबडीची अंडी फोडूनच. या शब्दाची जनुकशास्त्राशी सांगड घालून वॉडिंग्टन यांनी जनुकांपासून देहापर्यंतच्या साऱ्या घडामोडींच्या अभ्यासाला एक नाव दिले. आज हा शब्द डीएनएवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणांपुरता वापरला जातो, आणि वृत्तपत्रांतून तर आजोबांच्या उपासमारीचे नातवंडांवर होणारे परिणाम एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. शब्दाच्या जनकाला तो ओळखूही आला नसता.

दुसऱ्या लेखातला विचार अधिक खोल होता. शहामृग खाली बसतो तेव्हा त्याच्या शरीराचे जे भाग जमिनीला टेकतात तेथे घट्टे असतात. घासल्याने घट्टे पडतात हे आपण जाणतो. पण शहामृगाच्या पिल्लाला ते अंड्यातच असतात, एकदाही जमिनीवर बसण्याआधी. हे कसे? याचे उत्तर देताना त्यांनी विकासाच्या पाटबद्धतेची कल्पना मांडली. शेताला पाणी देताना पाट काढलेला असला की पाणी थोडे कमी-जास्त सुटले, मध्ये ढेकूळ आले, तरी ते अखेर ठरल्या वाफ्यातच पोचते. गर्भाचा विकासही असाच पाटातून वाहतो. ऊब जरा कमी पडली, एखाद्या जनुकात किरकोळ दोष असला, तरी पिल्लू पिल्लासारखेच निघते. मोठा धक्का बसला तरच पाणी काठ ओलांडते. निवडीच्या रेट्याने पिढ्यान्‌पिढ्या नवा पाट खोदला गेला, की ज्या गुणासाठी पूर्वी बाहेरचा धक्का लागत होता तो धक्क्याविनाच येऊ लागतो.

याच वर्षी ते ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये रुजू झाले. जर्मन पाणबुड्यांविरुद्धच्या मोहिमांचे गणिती विश्लेषण करणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केले आणि युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ते सेनापतींचे वैज्ञानिक सल्लागार होते. या अनुभवावरचे त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी प्रसिद्ध झाले.

१९४७ मध्ये एडिंबरा विद्यापीठात पशुजनुकशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही. युद्धोत्तर ब्रिटनला अन्न हवे होते, जास्त दूध, जास्त मांस, जास्त अंडी; आणि या संस्थेकडून सरकारची अपेक्षा तीच होती. घरांची टंचाई असल्याने संशोधकांची कुटुंबे सुरुवातीला शहराबाहेरच्या मॉर्टनहॉल नावाच्या जुन्या वाड्यात एकत्र राहिली. सामाईक स्वयंपाकघर आणि सामाईक भांडणे असा हा संसार काही वर्षे चालला. डग्लस फाल्कनर, अॅलन रॉबर्टसन यांच्यासारखे जनुकशास्त्रज्ञ याच संस्थेत नावारूपाला आले. जनावरांच्या वाणांची निवड कशी करावी याचे जे गणित जगभर शिकवले गेले, त्यात फाल्कनर यांच्या १९६० च्या पाठ्यपुस्तकाचा वाटा मोठा. कोंबडीपालनाचा पुढचा सारा कायापालट या गणितावर झाला.

प्रमुख स्वतः मात्र माश्यांशी खेळत होते. फळमाशीच्या कोशांना चार तास चाळीस अंश तापमानात ठेवले, की निघणाऱ्या माश्यांपैकी काहींच्या पंखांवरची एक आडवी शीर नाहीशी होते. वॉडिंग्टन यांनी अशाच माश्या निवडून त्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालवली. चौदाव्या पिढीच्या सुमारास उष्णता न देताच बिनशिरेच्या काही माश्या निघू लागल्या. शहामृगाच्या घट्ट्यांचे कोडे त्यांनी असे बाटलीत सोडवून दाखवले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाला त्यांनी जनुकीय आत्मसातीकरण असे नाव दिले.

वेळ मात्र वाईट होती. सोव्हिएत रशियात लायसेन्कोने कमावलेले गुण वारशाने उतरतात या मताला राजसत्तेचे बळ देऊन जनुकशास्त्रज्ञांना देशोधडीला लावले होते. अशा वेळी पाश्चात्त्य जगातला एक प्राध्यापक, तोही डाव्या विचारांकडे झुकलेला, म्हणतो की बाहेरच्या धक्क्याने आलेला गुण पुढे आपोआप येऊ लागला! अनेकांनी भुवया उंचावल्या. वास्तविक वॉडिंग्टन यांच्या प्रयोगात डार्विनविरोधी काहीच नव्हते. जनुकीय विविधता नसलेल्या शुद्ध वाणाच्या माश्यांमध्ये हा परिणाम दिसत नव्हता. म्हणजे उष्णतेने नवे जनुक घडवले नव्हते, आधीच दडलेली विविधता तिने उघडी केली आणि निवडीने ती एकत्र आणली. हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. पण शंका एकदा चिकटली की सुटत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत सुझन लिंडक्विस्ट यांनी एका प्रथिनाला दाबून माश्यांमधली अशीच दडलेली विविधता बाहेर आणून दाखवली, तेव्हा कुठे हा विषय सन्मानाने परतला.

कोंबडीचे गर्भ त्यांनी सोडले नव्हते. १९५२ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या गर्भविकासावर ‘द एपिजेनेटिक्स ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या एडिंबरातल्या प्रयोगशाळेत लीला मुळेरकर... नव्हे, इंग्रजी लेखनात मुल्हेरकर असे येणाऱ्या लीलाताईंनी कोंबडीच्या गर्भातील प्राथमिक रेषेच्या बाजूच्या भागांवर काम केले. त्यांचा शोधनिबंध १९५८ चा आहे. पुण्याला परतून विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या गर्भावरच्या प्रयोगांची परंपरा रुजवली. स्ट्रेंजवेजमधली ती काचेची बशी अशी गणेशखिंडीपर्यंत पोचली.

आता त्या चित्राकडे वळू. १९५७ मध्ये ‘द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स’ या पुस्तकात ते आले. एक डोंगरउतार, त्यावर फुटत जाणाऱ्या दऱ्या आणि माथ्यावर ठेवलेला एक गोळा. गोळा म्हणजे पेशी. तो खाली घरंगळताना प्रत्येक फाट्यावर एक दरी निवडतो आणि जसजसा खाली जातो तसतशी दरीची भिंत उंच होते. शेजारच्या दरीत उडी मारणे अवघड होत जाते. कुणी स्नायूच्या दरीत पोचतो, कुणी हाडाच्या, कुणी त्वचेच्या. हे चित्र आज जीवशास्त्राच्या असंख्य पुस्तकांत आणि व्याख्यानांत दिसते.

पण त्याला जोडून आणखी एक चित्र होते. त्यात वॉडिंग्टन यांनी वाचकाला डोंगराच्या पोटात नेले. तेथून दिसते की हा डोंगर दगडमातीचा नाहीच. ते ताणून बसवलेले कापड आहे. जमिनीत खुंट्या ठोकल्या आहेत आणि खुंट्यांपासून निघालेल्या असंख्य दोऱ्या कापडाला खालून ओढून धरतात. दऱ्या त्या ओढीने पडल्या आहेत. खुंट्या म्हणजे जनुके. दोऱ्या म्हणजे जनुकांपासून निघणारे रासायनिक परिणाम. एक दोरी अनेक दोऱ्यांना गुंतलेली, म्हणून एखादी खुंटी उपटली तरी बहुधा कापड फारसे हलत नाही. तंबू ठोकताना पाहिलेल्या कुणालाही हे कळेल.

या दोऱ्या कशाच्या बनलेल्या आहेत, ते वॉडिंग्टन यांना ठाऊक नव्हते. डीएनएची रचना कळून तेव्हा चारच वर्षे झाली होती. पुढच्या दहा वर्षांत डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन ही साखळी उलगडली आणि तरुण संशोधकांना गोळे-दऱ्यांची चित्रे जुनाट वाटू लागली. वॉडिंग्टन परिषदा भरवत राहिले, सैद्धांतिक जीवशास्त्राचे खंड काढत राहिले, आधुनिक चित्रकला आणि विज्ञान यांच्या नात्यावर देखणे पुस्तक लिहून मोकळे झाले. त्यांच्या घरात वास्तुरचनाकार पत्नी जस्टिन ब्लँको व्हाइट आणि दोन मुली होत्या. त्यातली एक मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री, दुसरी गणितज्ञ दुसा मॅकडफ. २६ सप्टेंबर १९७५ रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कल्पक पण मुख्य प्रवाहाच्या कडेला राहिलेला माणूस अशीच त्यांची प्रतिमा होती.

त्यांच्यामागे अठरा वर्षांनी, १९९३ मध्ये, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका सूक्ष्म कृमीत एक विचित्र गोष्ट नोंदवली. जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा, ज्यापासून कुठलेही प्रथिन होत नाही, तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे काम थांबवतो. वरून आदेश सुटला आहे, कागद टेबलावर आला आहे, आणि त्यावर कुणी स्थगिती आणून ठेवावी, तसा हा प्रकार. अशा तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांच्या जनुकसंचातला प्रथिने घडवणारा भाग थोडाच असतो. उरलेल्यातून असे स्थगिती आणणारे छोटे आरएनए, लांबलचक आरएनए आणि टोके जुळून वळे झालेले आरएनए निघतात, हे पुढे कळत गेले. २००६ मध्ये एरन हॉर्नस्टाइन आणि नोम शॉमरॉन यांनी मायक्रोआरएनए हे विकासाच्या पाटबद्धतेचे साधन असावे, असे थेट वॉडिंग्टन यांचीच संज्ञा वापरून मांडले.

याची परीक्षा झाली ती पुन्हा कोंबडीच्या गर्भात. उबवणीच्या पहिल्या दिवसाच्या अखेरीपासून मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पेशींचे मणी ओवले जाऊ लागतात. दर दीड तासाला सुमारे एक जोडी. या मण्यांना सोमाइट म्हणतात. पाठीचे, छातीचे आणि पायाचे स्नायू यांतल्याच पेशींपासून होतात. त्या पेशींत आरंभी पॅक्स-३ नावाचे प्रथिन असते. ते आहे तोवर पेशी होतकरू राहते, विभागत राहते, पण स्नायू होत नाही. मग मायओडीसारखी स्नायूची जनुके जागी होतात, आणि ती केवळ स्नायूची प्रथिने घडवून थांबत नाहीत. एमआयआर-१ आणि एमआयआर-२०६ या मायक्रोआरएनएंनाही कामाला लावतात. हे दोघे पॅक्स-३ च्या संदेशावर स्थगिती आणतात. परतीची वाट बंद होते आणि गोळा दरीत उतरतो.

नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात आंद्रेया म्युन्स्टरबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये जिवंत कोंबडीगर्भाच्या सोमाइटमध्ये एमआयआर-२०६ ला निकामी करून पाहिले. स्नायू नाहीसा झाला नाही. पॅक्स-३ रेंगाळले आणि पेशींचे स्नायूत रूपांतर व्हायला उशीर झाला. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. दोरी कापल्यावर डोंगर कोसळला नाही, कापड थोडे सैल झाले. आणि गर्भात वेळ हीच तर मोठी चीज असते, कारण विभागणे कधी थांबले यावर तंतूंची संख्या अवलंबून राहते.

दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत हेही दिसले. दक्षिण चीनमधील कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अकराव्या व सोळाव्या दिवसाच्या गर्भाच्या आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पायाच्या स्नायूंत वळ्यासारखे आरएनए मोठ्या संख्येने असल्याचे नोंदवले. त्यातले काही एमआयआर-२०६ ला स्वतःकडे अडकवून ठेवतात. म्हणजे स्थगिती घेऊन निघालेल्या शिपायालाच वाटेत चहाला बसवायचे! मग स्थगिती उशिरा पोचते आणि पेशी आणखी थोडा वेळ विभागत राहतात. लांब आरएनएंचीही अशी कामे सापडत आहेत, आणि त्यांतले काही तर प्रथिन घडवत नाहीत असे समजले जात असतानाच छोटी प्रथिने घडवताना पकडले गेले आहेत.

या साऱ्याचा बाजाराशीही संबंध आहे. टेक्सेल जातीच्या मेंढ्या मांसल का असतात याचे एक कारण २००६ मध्ये उघड झाले. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाच्या संदेशात एक अक्षर बदलल्याने तेथे एमआयआर-१ आणि एमआयआर-२०६ यांना चिकटायला जागा झाली; लगामावरच स्थगिती आली. कोंबडीत असे एकच एक अक्षर नाही, तेथे निवडीने शेकडो दोऱ्या थोड्या थोड्या ओढल्या. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतले जतन केलेले वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. छप्पन्न दिवसांनी त्यांची वजने भरली अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. वॉडिंग्टन यांचे चित्र छापले गेले त्याच वर्षीच्या कोंबडीपासून हा हिशेब सुरू होतो, हा योगायोग. निवड करणाऱ्यांनी दोऱ्या पाहिल्या नव्हत्या. ते फक्त वजनकाटा पाहत होते. आता झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये छातीचा स्नायू लाकडासारखा कडक होण्याचा विकार जगभर आढळतो. त्यात तंतू मोडतात आणि त्यांच्या जागी चिवट ऊती भरते. अशा स्नायूंत कोणते आरएनए कमी-जास्त झाले आहेत, याचा शोध अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. पाणी काठावरून वाहू लागल्यावर आपण पाट तपासायला निघालो आहोत.

एडिंबराजवळच्या रॉस्लिन संस्थेची मुळे अंशतः त्याच युद्धोत्तर पशुसंशोधनात आहेत. डॉली मेंढी तेथेच १९९६ मध्ये जन्मली. दरीच्या तळाला पोचलेला गोळा पुन्हा माथ्यावर नेता येतो हे तिने दाखवले. कोंबडीचा जनुकसंच २००४ मध्ये वाचून झाला, पक्ष्यांमध्ये सर्वांत आधी. वॉडिंग्टन यांचे डोंगरउताराचे चित्र आज पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि परिषदांच्या फलकांवर रंगीत करून छापतात. खुंट्या आणि दोऱ्यांचे दुसरे चित्र त्यासोबत क्वचितच असते.